वर्धा नदी आणि राज्यसंस्थेचे उत्तरदायित्व

वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्याची पश्चिम सीमा वर्धा नदीने आखलेली आहे. डाव्या काठाला आष्टी तालुका, म्हणजे वर्धा जिल्हा आणि नागपूर महसूल विभाग. उजव्या काठाला अमरावती जिल्हा आणि अमरावती महसूल विभाग. नदीचा उगम मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातील मुलताईच्या पठारावर होतो. मोर्शीजवळ सिंभोरा येथे अप्पर वर्धा धरणात ती अडवली जाते. तिथले पाणी अमरावती शहर पिते आणि कालव्यांवरची शेतीही त्यावरच भिजते. पुढे वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतून वाहत ती वैनगंगेला मिळते. तिथून तिचे नाव प्राणहिता होते, आणि प्राणहिता तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीत विसर्जित होते. एकाच प्रवाहावर ग्रामपंचायती, नगरपंचायती, जिल्हाधिकारी, पाटबंधारे महामंडळ, प्रदूषण मंडळे, तीन राज्ये आणि केंद्र सरकार अशा सगळ्यांचा काही ना काही अधिकार चालतो. अशा प्रवाहात सांडपाणी मिसळले, पात्रातली रेती खरवडली गेली किंवा उन्हाळ्यात धारच आटली, तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे, हा कायद्यातला जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न आहे.

प्रश्नाचे मूळ संविधानातील अधिकारवाटपात आहे. सातव्या अनुसूचीतील केंद्र, राज्य आणि समवर्ती या तिन्ही सूचींत 'पर्यावरण' अशी स्वतंत्र नोंद नाही. पाणी हा राज्यसूचीतील १७ व्या नोंदीचा विषय आहे, पण आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार केंद्रसूचीतील ५६ व्या नोंदीने संसदेकडे ठेवला आहे. सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता राज्याकडे आहेत. खनिजांच्या विकासाचे नियमन मुख्यतः केंद्राकडे असले, तरी रेतीसारख्या गौण खनिजांचे नियम राज्य करते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यजीव समवर्ती सूचीत आणले. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ४८-क घालून पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे धोरण ठरवले आणि ५१-क मध्ये नागरिकाचे कर्तव्यही सांगितले. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी बारावी अनुसूची आली. पर्यावरणाचे संरक्षण नावानिशी नोंदले गेले ते या अनुसूचीत, म्हणजे नगरपंचायतीसारख्या सगळ्यांत कमी पैसा आणि सगळ्यांत कमी तांत्रिक मनुष्यबळ असलेल्या संस्थांच्या कामांत. त्यातही ही कामे त्यांना द्यायची की नाही, हे ठरवण्याची मुभा राज्य विधिमंडळाकडेच राहिली.

असे तुकडे पडले तरी नागरिकापुढे ते सगळे मिळून एकच पक्ष असतात. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात अनुच्छेद १२ नुसार केंद्र सरकार, राज्य सरकारे, त्यांची विधिमंडळे आणि सर्व स्थानिक प्राधिकरणे मिळून 'राज्य' होते. स्वच्छ पाणी आणि हवा हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. त्यामुळे 'हे काम आमचे नव्हे, वरच्यांचे' किंवा 'खालच्यांचे' हे उत्तर त्या त्या कार्यालयाच्या दप्तरात खरे असेलही, पण हक्क मोडला गेलेल्या माणसापुढे ते अपुरे पडते. पर्यावरणाच्या बहुतेक खटल्यांत वाद याच दोन गोष्टींमधल्या अंतराचा असतो.

जलप्रदूषणाचा कायदा कसा झाला, त्यातही हीच गुंतागुंत दिसते. पाणी राज्यांचा विषय असल्याने संसदेला थेट कायदा करता येत नव्हता. काही राज्यांनी अनुच्छेद २५२ खाली ठराव करून संसदेला अधिकार दिला आणि १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीच, १९६९ मध्ये झाला होता. त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि केंद्राचा कायदा महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. १९८१ चा वायू अधिनियम मात्र संसदेने अनुच्छेद २५३ खाली, १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेच्या निर्णयांची अंमलबजावणी म्हणून केला. भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियमही त्याच वाटेने आला. एका कायद्याचा उगम राज्यांच्या संमतीत आहे, तर दुसऱ्यांचा आंतरराष्ट्रीय बांधिलकीत.

राज्य मंडळाला दोन धनी आहेत. जल अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे केंद्रीय मंडळ आणि राज्य सरकार या दोघांचेही लेखी निर्देश त्याच्यावर बंधनकारक असतात. दोन निर्देश एकमेकांविरुद्ध गेले, तर प्रकरण केंद्र सरकारकडे निर्णयासाठी जाते. कागदावर ही व्यवस्था नेटकी आहे. प्रत्यक्षात राज्य मंडळाच्या नेमणुका राज्य सरकार करते आणि नदीत प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिकाही त्याच सरकारच्या अनुदानावर चालतात. खासगी कारखान्याला नोटीस देणारे मंडळ नगरपरिषदेपुढे मवाळ होते, याचे कारण एखाद्या अधिकाऱ्याच्या स्वभावापेक्षा या रचनेत शोधावे.

स्थानिक संस्था कितपत उत्तरदायी, याचा पाया १९८० च्या रतलाम निकालाने घातला. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरातील एका वस्तीत उघडी गटारे, मैला आणि मद्यनिर्मितीच्या कारखान्याचे घाण पाणी साचत असे. रहिवासी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याकडे गेले. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. पैसा नाही, असा नगरपालिकेचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने तो फेटाळला. नागरिकांचे आरोग्य राखणे हे कायद्याने लादलेले कर्तव्य आहे आणि निधीची चणचण त्यातून सुटका देत नाही, असे निकालाचे सूत्र होते. पण निकाल तेवढ्यावर थांबला नाही, आणि तो महत्त्वाचा का याचे उत्तर इथेच आहे. न्यायालयाने खर्चाच्या योजना स्वतः पाहिल्या, त्यांतली कमी खर्चाची निवडली आणि नगरपालिकेला निधीसाठी राज्य सरकारकडे जाण्याची वाट दाखवली. कर्तव्य खालच्या संस्थेवर टाकताना वरच्या संस्थेची थैलीही त्याने हिशेबात घेतली.

सदतीस वर्षांनी, २०१७ मध्ये, पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व देशभर लागू केले. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याची मुदत घालून दिली आणि स्थानिक संस्थांना वापरकर्त्यांकडून शुल्क घेता येईल, पण ते अपुरे पडले तर राज्याने तरतूद करावी, असे सांगितले. देखरेखीचे काम राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाला कलम २० प्रमाणे शाश्वत विकास, खबरदारी आणि 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' ही तीन तत्त्वे लावावी लागतात.

यातले तिसरे तत्त्व सरकारलाच लावल्यावर काय होते, ते महाराष्ट्राने सप्टेंबर २०२२ मध्ये पाहिले. राज्यातील सांडपाणी शुद्धीकरणाची तूट दररोज सुमारे ५,४२० दशलक्ष लिटर धरून, प्रत्येक दशलक्ष लिटरमागे दोन कोटी रुपये या दराने, न्यायाधिकरणाने १०,८४० कोटींची भरपाई काढली. घनकचऱ्याची रक्कम मिळवून आकडा सुमारे १२,००० कोटींवर गेला. हजारो सांडपाणी नाल्यांच्या मागे असलेल्या शेकडो नगरपालिका व पंचायतींऐवजी राज्य सरकारलाच एकत्रितपणे जबाबदार धरले गेले. मात्र हा पैसा दिल्लीला जमा करायचा नव्हता. तो राज्याने वेगळ्या खात्यात ठेवायचा होता आणि मुख्य सचिवांच्या निर्देशांनुसार नद्या व कचराभूमींच्या दुरुस्तीवरच खर्च करायचा होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली. आदेशावर एक आक्षेप रास्त आहे. सरकारचा दंड शेवटी करदात्याच्या खिशातून जातो, आणि घाण पाण्याचा त्रासही त्यालाच झालेला असतो. पण खर्च दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याची अट याच आक्षेपाला दिलेले उत्तर होती. तिच्यामुळे रकमेचे स्वरूप दंडाचे कमी आणि सक्तीच्या अंदाजपत्रकाचे जास्त होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त होते. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला आणि महाराष्ट्राचा ५५ वर गेला. नदीच्या पट्ट्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही. पण कृती आराखडा मात्र नगरपालिकानिहाय, जिल्हानिहाय होतो. एका काठाची नगरपंचायत सांडपाण्याची सोय करते आणि समोरच्या काठावरचे गाव आधीसारखेच नाला सोडते, तेव्हा पाण्याचा नमुना कोणत्याही एका संस्थेच्या कामाचा पुरावा ठरत नाही.

रेतीच्या बाबतीत अधिकार अधिकच गुंतलेले आहेत. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाच्या कलम १५ ने गौण खनिजांचे नियम राज्यांकडे सोपवले. महाराष्ट्रात रेतीघाटांचा लिलाव महसूल यंत्रणा करते. चोरटा उपसा पकडल्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन जप्त करता येते. हे काम तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांच्या अंगावर येते, तेही बहुतेक वेळा रात्री. पर्यावरणीय मंजुरी मात्र केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेतून येते. पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांना आधी अशी मंजुरी लागत नव्हती, म्हणून मोठे पट्टे तुकड्यांत पाडले जात. २०१२ च्या दीपक कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. मग २०१६ मध्ये केंद्राने लहान पट्ट्यांच्या मंजुरीसाठी जिल्हास्तरीय प्राधिकरण केले आणि त्याचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याला दिले. घाटाचा लिलाव करून महसूल गोळा करणारा आणि त्या घाटाच्या पर्यावरणाचा निवाडा करणारा अधिकारी एकच झाला. हरित न्यायाधिकरणाने १३ सप्टेंबर २०१८ च्या आदेशात ही रचना टिकू दिली नाही आणि मंजुरीचे काम पुन्हा राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे गेले. अधिकार खाली नेले की कारभार आपोआप लोकांच्या जवळ येतो, हा समज या उदाहरणात टिकत नाही. जवळ आलेला अधिकार हितसंबंधाच्याही जवळ येतो.

वर्धेसारख्या सीमेवरच्या नदीत आणखी एक अडचण असते. पात्राच्या मध्याच्या या बाजूला एक जिल्हाधिकारी, त्या बाजूला दुसरा. पुढे यवतमाळच्या हद्दीतही हीच स्थिती राहते. उपशाचा खड्डा मात्र मध्यरेषा पाळत नाही, आणि पाण्याची पातळी घसरली की दोन्ही काठांच्या विहिरी खाली जातात. अशा ठिकाणी दोन महसूल विभागांचे संयुक्त सर्वेक्षण हा शिष्टाचाराचा नव्हे, कायदेशीर पुराव्याचा भाग ठरतो. तो नसेल तर न्यायालयात दोन्ही प्रशासने एकमेकांकडे बोट दाखवून मोकळी होतात.

राज्य सरकार स्वतः खनन करत नसतानाही उत्तरदायी ठरू शकते, हे मेघालयच्या प्रकरणाने पक्के केले. तिथल्या अरुंद बिळांसारख्या कोळसा खाणींवर हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली होती. डिसेंबर २०१८ मध्ये बेकायदा खाणीत पाणी शिरून १५ मजूर अडकले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने राज्याला १०० कोटी रुपये भरायला सांगितले. जमीन व कोळसा खासगी आणि सामुदायिक मालकीचा आहे, शिवाय सहाव्या अनुसूचीतील स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, अशी बाजू राज्याने मांडली. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. केंद्राचे खाण आणि पर्यावरण कायदे तिथेही लागू आहेत, आणि ते मोडले जात असताना बघत राहणे ही राज्याची चूक आहे. १०० कोटी मात्र शिक्षा म्हणून नव्हेत, पर्यावरणाच्या दुरुस्तीसाठी आहेत, असेही त्याने स्पष्ट केले. आष्टीच्या काठावरच्या रेतीला हाच नियम लागू पडतो. डोळेझाक हीही कृतीच मानली जाते.

नदीला होणारी हानी केवळ घाणीने होत नाही, पाणी काढून घेतल्यानेही होते. अप्पर वर्धा प्रकल्पाचे पाणी अमरावतीजवळ नांदगावपेठ येथील औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून २०१० च्या सुमारास शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले होते, पण पाणी वळवण्याचे निर्णय मंत्र्यांची उच्चाधिकार समिती घेत होती. कोणाच्या अधिकारात हे झाले, असा वाद उभा राहिल्यावर विधिमंडळाने २०११ मध्ये कायदा दुरुस्त करून समितीचे जुने निर्णय मागील तारखेपासून वैध ठरवले आणि क्षेत्रवार वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला. जाब विचारायची वेळ आली तेव्हा जाब द्यायचे ठिकाणच बदलण्यात आले. अशा बदलाला न्यायालयात अडवणे अवघड असते, कारण तो कायद्यानेच होतो.

वर्धेचे पाणी शेवटी जिथे पोहोचते, तिथे प्रश्न दोन राज्यांचा होतो. प्राणहितेच्या संगमाखाली गोदावरीवर तेलंगणाने कालेश्वरम प्रकल्पातील मेडीगड्डा बंधारा बांधला. समोरच्या काठावर गडचिरोलीचा सिरोंचा तालुका आहे. दोन्ही राज्यांत ऑगस्ट २०१६ मध्ये करार झाला आणि जून २०१९ मध्ये बंधाऱ्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर फुगवट्याच्या पाण्याने आणि काठाच्या झिजेने शेती जाते, अशी तक्रार सिरोंच्याच्या शेतकऱ्यांनी सातत्याने मांडली. ऑक्टोबर २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने प्रकल्पाची पर्यावरणीय मंजुरी काम सुरू झाल्यानंतर घेतल्याबद्दल ताशेरे ओढले आणि नुकसान मोजण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमायला सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले. इथे मंजुरी देणारे केंद्र होते, बांधणारे तेलंगणा आणि करारावर सही करणारे महाराष्ट्रही. आपल्या शेतकऱ्याची जमीन शेजारच्या राज्याच्या बंधाऱ्यामुळे जाते तेव्हा करारात भरपाईची पद्धत नीट लिहून घेणे हे सही करणाऱ्या राज्याचे काम असते. १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा आणि त्याखालचा १९८० चा गोदावरी लवादाचा निवाडा मुख्यतः पाण्याच्या वाटपाचा आहे. मातीच्या झिजेचा किंवा प्रदूषणाचा हिशेब त्यात ठळकपणे येत नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याने ही गुंतागुंत फार पूर्वीच एका वाक्यात सोडवली आहे. देशाच्या कोणत्याही अंगाचे कृत्य, मग ते केंद्राचे असो वा प्रांताचे, त्या देशाचेच मानले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ च्या मसुद्यात हा नियम नोंदवला. त्याआधीचे नावाजलेले उदाहरण कॅनडातील ट्रेलच्या धातुभट्टीचे. भट्टी खासगी होती आणि तिचा धूर सीमेपलीकडे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या शेतांवर जात होता. १९३८ आणि १९४१ च्या लवादनिवाड्यांत उत्तरदायी ठरला तो कॅनडा देश. इटलीच्या कांपानिया प्रांतात कचऱ्याचे ढीग रस्त्यावर आले, तेव्हा युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये दोन कोटी युरो आणि रोज एक लाख वीस हजार युरोंचा भार टाकला, तो इटलीवर. स्थानिक विरोध, ठेकेदारांची कसूर आणि गुन्हेगारी टोळ्या ही कारणे त्याने आधीच्याच निकालात नाकारली होती. जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानावरील सल्लागार मतात म्हटले की हानी अनेक देशांनी मिळून केली असली तरी प्रत्येक देशाला त्याच्या वाट्याच्या चुकीसाठी जाब विचारता येतो. आपण एकटे नव्हतो, हा बचाव त्या पातळीवरही चालत नाही.

देशांतर्गत कायद्यात मात्र जाब विचारताना व्यक्तीही समोर येते. जल अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे सरकारी खात्याने गुन्हा केला तर खातेप्रमुख दोषी धरला जात असे. २०२४ च्या दुरुस्तीने कैदेऐवजी बहुतेक ठिकाणी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा आर्थिक दंड आणला आणि कसूर करणाऱ्या खातेप्रमुखासाठी एका महिन्याच्या मूळ वेतनाइतकी रक्कम ठरवली. ज्या राज्यांना ती लावायची, त्यांनी पुन्हा ठराव करायचा. एखाद्या नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्याला ही रक्कम झोंबेल, पण सांडपाणी केंद्राचा निधी मंजूर करणारे मंत्रालयातील टेबल तिच्या कक्षेबाहेर राहते.

भरपाई मागायची तर हानीचे कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत हरित न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि इतर वादांसाठी मुदत सहा महिन्यांची आहे. आष्टीचा अर्जदार पुण्याच्या पश्चिम पीठाकडे जातो. त्याच नदीच्या उगमाजवळचा मुलताईचा शेतकरी भोपाळच्या मध्य पीठाकडे, आणि तिचे पाणी पोहोचते त्या तेलंगणातला अर्जदार चेन्नईच्या दक्षिण पीठाकडे.